खाऱ्या पाण्यातील कोळंबी आणि वऱ्हाडची वनौषधी

अचलपुराहून अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या गावांच्या रेषेने पश्चिमेकडे जात राहिले, म्हणजे उजव्या हाताला सातपुड्याच्या पायथ्याशी संत्री, केळी आणि पानमळे यांनी हिरवा झालेला गोड्या पाण्याचा बागायती पट्टा लागतो, आणि डाव्या हाताला, पूर्णा नदीकडे उतरत जाणारी, नजर पोहोचेल तिथवर पसरलेली काळी सपाट जमीन दिसते. त्या जमिनीत कपाशी, तूर आणि हरभरा उत्तम येतो, परंतु विहीर खणली तर जे पाणी लागते ते माणसाला पिता येत नाही आणि पिकाला दिले तर दोन-चार वर्षांत जमीन चोपण होऊन बसते. हाच वऱ्हाडचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर भरते आणि जवळपास नऊशे गावे त्यात येतात. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतील कोणत्याही गावी जाऊन पाण्याचा विषय काढावा, म्हणजे मूत्रपिंडाच्या विकाराने गेलेल्या माणसांची नावे घरोघर ऐकू येतात. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडे आणि शहानूर धरणावरून अंजनगाव-दर्यापुराकडे नळयोजना आल्या, त्यांनी या गावांना पुष्कळ दिलासा दिला. पण भूगर्भातले पाणी जसे होते तसेच खारे राहिले.

या खाऱ्या पाण्याचा उपयोग पूर्वी कोणी केलाच नव्हता असे मात्र नाही. इंग्रजी अमलातील जुन्या गॅझेटियरांमध्ये पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींतून मीठ काढले जात असे आणि पुढे सरकारी हुकुमाने तो धंदा बंद पडला, अशी नोंद आहे. आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या मुलखाने एप्रिल १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह केला तो अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे, तिथल्या खाऱ्या विहिरीचे पाणी काढून. ज्या पाण्याने इतकी वर्षे शेतकऱ्याला छळले त्याच पाण्यात एखादा जीव वाढवून चार पैसे मिळवता येतील काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वऱ्हाडात गांभीर्याने विचारला जाऊ लागला आहे, आणि त्याच्या उत्तरादाखल ज्या जिवाचे नाव पुढे येते ती पांढऱ्या पायांची, व्यवहारात ‘वनामी’ म्हणून ओळखली जाणारी कोळंबी होय. वऱ्हाडात तिला झिंगाच म्हणतील.

कल्पना हवेतली नाही. वनामी मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत महासागरी किनाऱ्यावरची. भारतात २००९पासून तिच्या संवर्धनाला रीतसर परवानगी मिळाली, आणि आज आपल्या सागरी निर्यातीचा सर्वांत मोठा हिस्सा तिचाच आहे. २०२३-२४ या वर्षी देशाची सागरी निर्यात सुमारे ६०,५०० कोटी रुपयांची झाली, त्यातील ४०,००० कोटींचा वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता. ही कोळंबी जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत क्षारतेचा फार मोठा पल्ला सोसते, म्हणूनच मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेने हरियाणात रोहतकजवळ लाहली येथील आपल्या केंद्रात जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तिचे प्रयोग केले, आणि हरियाणा, पंजाब, राजस्थान या समुद्र न पाहिलेल्या प्रांतांतील नापीक झालेल्या खाऱ्या जमिनींवर तिचे तलाव उभे राहिले. जे रोहतकला झाले ते दर्यापूरला का होऊ नये, असे विचारणाऱ्या तरुण शेतकऱ्याला गप्प बसवता येईल असे कारण माझ्यापाशी नाही. मात्र त्या तलावांबरोबर त्यांची दुखणी येतात आणि दुखण्यांबरोबर औषधे येतात, आणि या लेखाचा विषय ती औषधे आहेत. त्यांतही विशेषकरून खाद्यात मिसळून देण्याचे वनस्पतींचे अर्क, ज्यांची जाहिरात आज कोळंबीच्या बाजारात सर्वत्र ऐकू येते.

कोळंबीच्या धंद्याचा इतिहास हा रोगांचाच इतिहास आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १९९४-९५च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आपल्या पूर्व किनाऱ्यावरील वाघ्या कोळंबीचे तलावच्या तलाव ओस पाडले. पुढे वनामी आली, ती रोगमुक्त पैदाशीची म्हणून आली, पण तिच्यामागे यकृतासारख्या इंद्रियात घर करून वाढ खुंटवणारा ‘ईएचपी’ नावाचा सूक्ष्म परजीवी आला, ज्याची पहिली शास्त्रीय ओळख २००९मध्ये थायलंडमधून झाली आणि ज्यावर आजतागायत खात्रीचे औषध नाही. व्हिब्रिओ कुळातील जिवाणू तर पाण्यात नेहमीचेच. त्यांपैकी काहींनी एक विषारी प्रथिन तयार करण्याची शक्ती मिळवली आणि चीनपासून मेक्सिकोपर्यंत लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यातच कोवळी कोळंबी मरू लागली. या सगळ्याच्या मुळाशी कोळंबीच्या शरीराची एक गोष्ट आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. माणसाला, गाईला किंवा कोंबडीला एकदा रोग होऊन गेला, अथवा लस टोचली, की त्या रोगजंतूची स्मृती बाळगणारी प्रतिद्रव्ये शरीरात तयार होतात. कोळंबीत ती तशी होत नाहीत. तिच्या रक्तातील पेशी आक्रमक जंतूला गिळतात, त्याला वेढून काळ्या रंगद्रव्यात बंदिस्त करतात, त्याच्यावर प्राणवायूच्या तीव्र रूपांचा मारा करतात, आणि इतकेच तिचे बहुतेक शस्त्रागार आहे. जनावरांना देतो तशी लस तिला देण्याची सोय नसल्यामुळे, या पेशींना आधीपासून जागे ठेवणारे काही खाद्यातून देता येते काय, हा विचार शास्त्रज्ञांना सुचणे अगदी स्वाभाविक होते.

त्याआधी जो सोपा मार्ग वापरला गेला तो प्रतिजैविकांचा, आणि त्याने धंद्याची अब्रू घालवली. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या द्रव्यांवर आपल्याकडे कोळंबी संवर्धनात पूर्ण बंदी आहे, तरी परदेशी बंदरांवर भारतीय मालात त्यांचे अंश सापडत राहिले. क्लोरॅम्फेनिकॉलच्या बाबतीत युरोपची कसोटी एका किलो मालात ०.३ मायक्रोग्रॅम इतकी बारीक होती, आणि २०१६मध्ये युरोपीय संघाने आपल्या कोळंबीच्या दहा टक्क्यांऐवजी पन्नास टक्के खेपा तपासण्याचे फर्मान काढले. एका तलावातला माल नाकारला गेला की त्याची झळ साऱ्या किनाऱ्याला लागते. अशा परिस्थितीत, ज्याचा अंश मालात राहिला तरी कोणी आक्षेप घेणार नाही, असे वनस्पतिज द्रव्य शेतकऱ्याला आकर्षक वाटले तर त्यात नवल काय?

आणि त्यात तथ्य आहे. २००६मध्ये तमिळनाडूतील संशोधकांनी वाघ्या कोळंबीवर केलेला एक प्रयोग या बाबतीत मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात घेतलेल्या वनस्पती वाचताना मराठी माणसाला आपल्या अंगणाची आणि देवघराची आठवण व्हावी: दूर्वा, बेल, गुळवेल, माका, आणि त्यांच्या जोडीला हिमालयातली कुटकी. या पाचांचा मद्यार्कात काढलेला मिश्र अर्क एक किलो खाद्याला १०० ते ८०० मिलिग्रॅम अशा चढत्या मात्रांनी काही आठवडे देऊन मग त्या कोळंबीला पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची लागण करण्यात आली. अर्क न मिळालेला गट सात दिवसांत संपला. ८०० मिलिग्रॅमच्या गटातली सुमारे तीन चतुर्थांश कोळंबी जगली, आणि तिच्या शरीरातील विषाणूचे प्रमाणही कमी आढळले. नंतर तमिळनाडूतच एकट्या दूर्वेच्या अर्कावर झालेल्या कामातूनही तिच्या विषाणुरोधक गुणाला दुजोरा मिळाला. ज्या हराळीला वऱ्हाडातला कपाशीवाला दरवर्षी मुळासकट खणून बांधावर फेकतो, आणि जी तरीही पुढच्या पावसाळ्यात परत येते, तीच ही दूर्वा. लसूण, हळद, भुईआवळा, कालमेघ, तुळस, अश्वगंधा या सगळ्यांवर वेगवेगळ्या देशांत प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा निघतो की योग्य मात्रेत काही अर्क रक्तपेशींची संख्या आणि त्यांचे काम वाढवतात, काही आतड्यातील घातक जिवाणूंची गर्दी कमी करतात, आणि काही केवळ भूक व पचन सुधारून वाढीला मदत करतात.

वऱ्हाडाच्या दृष्टीने यातली विशेष गोष्ट अशी की, खारे पाणी आणि वनौषधी ही दोन्ही या प्रांतात दोन-चार कोसांच्या अंतराने नांदतात. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा आणि पलीकडे संग्रामपूर, जळगाव जामोद या पायथ्याच्या गावांत बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पानमळे जोपासले, आणि त्या पानमळ्यांच्याच धर्तीवर शेवरी-पांगाऱ्याच्या आधाराने व सावलीने पानपिंपरीची लागवड केली; हिरवट काळी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब अशी तिची फळे तोडून उन्हात वाळवली जातात आणि देशभरच्या आयुर्वेदिक कारखान्यांना जातात. या पिंपळीतले मुख्य द्रव्य पायपेरिन. ते स्वतः तिखट आहेच, पण दुसऱ्या औषधाला शरीरात टिकून राहण्यास मदत करणे हा त्याचा अधिक मोलाचा गुण आहे. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८मध्ये माणसांवर दाखवले की हळदीतील कुरकुमिनबरोबर थोडेसे पायपेरिन दिले तर रक्तात पोहोचणारे कुरकुमिन सुमारे वीस पटींनी वाढते. कोळंबीचे आतडे माणसाचे नव्हे, त्यामुळे हा आकडा उचलून तिला लावता येणार नाही. पण अंजनगावची पिंपळी आणि वऱ्हाड-मराठवाड्याच्या सीमेवरची हळद यांचा एकत्र प्रयोग करून पाहण्याइतके कारण त्यात निश्चित आहे. अकोल्यात १९६९मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, औषधी व सुगंधी वनस्पतींच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे, आणि खारपाणपट्ट्याच्या जमिनीचा अभ्यासही तिथेच चालतो. एकाच आवारात तीन आवश्यक विद्या असणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण बाजारात ती कोणी मांडत नाही. प्रयोगशाळेतल्या टाकीत पाणी स्वच्छ असते, कोळंबी मोजून सोडलेली असते आणि रोग ठरवलेल्या दिवशी दिला जातो. तलावात यांपैकी एकही गोष्ट माणसाच्या हाती नसते. शिवाय कोळंबी खाते कशी ते जवळून पाहिले, म्हणजे अर्काची अर्धी कहाणी उलगडते. खाद्याच्या बारीक कांड्या तळाशी बसतात. कोळंबी एक कांडी पुढच्या पायांत धरते, ती फिरवत कुरतडत राहते, मध्येच टाकून दुसरी उचलते, आणि हा सगळा वेळ ती कांडी पाण्यात भिजत असते. पाण्यात विरघळणारा अर्क केवळ वरून शिंपडलेला असेल तर पहिल्या अर्ध्या-एक तासात त्यातला बराचसा भाग तलावात निघून जातो आणि शेतकऱ्याने दिलेले पैसे पाण्याला मिळतात. म्हणून जाणता तलाववाला अर्क मोजून जिलेटिनच्या किंवा तत्सम चिकट द्रावणात कालवतो, खाद्य ताडपत्रीवर पसरून त्यावर तो सारखा फवारतो, हाताने खालीवर करतो, सावलीत वाळू देतो, वरून थोडे मासळीचे तेल चढवतो, आणि मगच ते तलावात टाकतो. दोन तासांनी तळाशी सोडलेले जाळीचे ताट वर घेतले, की उरलेल्या कांड्या आणि कोळंबीच्या पाठीतून दिसणारी आतड्याची रेघ या दोन गोष्टी तो प्रथम पाहतो: रेघ सलग आणि गडद असेल तर जनावर जेवले आहे, ती तुटक, फिकट किंवा पांढरी असेल तर त्या दिवशी कोणताही अर्क वाढवण्याआधी खाद्य कमी करून पाणी तपासले पाहिजे.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर सर्वांत धोक्याचा. कडुनिंबाचे उदाहरण घ्या. कपाशीवरच्या अळीला निंबोळी अर्क लागू पडतो, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन किडीच्या कात टाकण्याच्या क्रियेत विघ्न आणते. आणि कोळंबी ही कीटकांचीच दूरची भाऊबंद असून तीही कवच टाकतच वाढते. शेतात ज्याने कीड मरते ते तलावात मोजमाप न करता ओतले तर काय होईल, हे सांगायला पंडिताची गरज नाही. मेळघाटातल्या मोहाच्या पेंडीची गोष्ट याच्या उलट: तिच्यातील सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडून त्यांना मारते, कोळंबीला मात्र ते बरेच सोसते, आणि म्हणून तलाव तयार करताना दर लिटर पाण्याला २००-२५० मिलिग्रॅम या हिशेबाने ती टाकून नको असलेले मासे काढून टाकण्याची रीत आहे, दहा-पंधरा दिवसांत विष उतरते आणि पेंडीचे खत होते. एकाच वनस्पतीचे दोन जिवांशी असे दोन प्रकारचे नाते असते, आणि हे नाते प्रत्येक वनस्पतीपुरते, प्रत्येक जिवापुरते वेगळे तपासावे लागते. आपल्या पूर्वजांनी पालकाप्याच्या नावे हत्तींचा आणि शालिहोत्राच्या नावे घोड्यांचा आयुर्वेद रचला; झाडांचाही रचला; कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त माशांना काय खाऊ घालावे याचाही विचार केला. ज्या परंपरेने हत्तीचे औषध घोड्याला लावले नाही, तिचे नाव डब्यावर छापून माणसाचा काढा कोळंबीला विकणे हा त्या परंपरेचा मान नव्हे.

माझ्या मते खारपाणपट्ट्यात कोळंबीचे पहिले औषध वनस्पतींत नाहीच, ते पाण्याच्या रसायनात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांत सोडियम सुमारे साडेदहा ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम, कोळंबीच्या कल्ल्यांतील क्षारांची देवघेव याच प्रमाणावर घडलेली आहे. जमिनीखालचे खारे पाणी चवीला समुद्रासारखे लागले तरी त्यात पोटॅशियम बहुधा फारच कमी असते, कारण मातीचे कण ते धरून ठेवतात, आणि अशा पाण्यात सोडलेले बीज काही दिवसांत आकडी आल्यासारखे वाकडे होऊन मरते. तेव्हा रोग समजून औषधे ओतणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. लिटरला पाच ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात पोटॅशियम ५५ मिलिग्रॅमच्या आसपास हवे. एक एकराच्या, दीड मीटर खोल तलावात सुमारे ६,००० घनमीटर पाणी मावते. त्यात दर लिटरला ४० मिलिग्रॅम पोटॅशियमची तूट असेल तर २४० किलो पोटॅशियम, म्हणजे शेतकऱ्याच्या ओळखीच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या पन्नास किलोच्या जवळजवळ दहा गोण्या लागतील. हा खर्च न करता महागड्या अर्काचे कॅन आणणे म्हणजे पायाच न भरता भिंतीला रंग देणे आहे. मॅग्नेशियमचाही असाच हिशेब करावा लागतो. त्यातून वऱ्हाडचा उन्हाळा. अकोल्याचा पारा ४७ अंशांच्याही वर गेल्याचे दाखले आहेत, आणि कोळंबीला २८ ते ३२ अंशांचे पाणी मानवते, तेव्हा तलावाची खोली, सावली आणि रात्री हवा भरणारी यंत्रे यांची तजवीज आधी, आणि अर्काचा विचार त्यानंतर.

अर्क घ्यायचाच झाला तर शेतकऱ्याने विक्रेत्याकडे काय मागावे? वनस्पतीचे नाव आणि तिचा कोणता भाग घेतला आहे ते. मुख्य गुणकारी द्रव्याचे प्रमाण, कारण हळदीत कुरकुमिन कुठे दोन टक्के तर कुठे पाच टक्के भरते आणि तीच गत कालमेघाची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, त्याच खेपेचा, बंदी असलेली प्रतिजैविके नसल्याचा दाखला. ‘वनौषधी’ असे लिहिलेल्या डब्यातून प्रतिजैविक तलावात गेले तर निर्यातीच्या वेळी माल शेतकऱ्याचाच नाकारला जाईल, डबा विकणाऱ्याचा नव्हे. किनाऱ्यावर या गोष्टींवर नजर ठेवायला २००५च्या कायद्याचे तटीय जलकृषी प्राधिकरण आहे. त्याचा अंमल भरतीरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंतच चालतो, पूर्णाकाठी तो पोहोचत नाही. इथे ही जबाबदारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यानेच उचलायला हवी, आणि ती तलाव खणले जाण्याआधी उचलायला हवी.

तलाव खणण्याबद्दलही एक गोष्ट राहून जाऊ नये. खारपाणपट्ट्यात पावसाचे गोडे पाणी अडवून ठेवणारी शेततळी हा कोरडवाहू शेतकऱ्याचा मोठा आधार आहे. कोळंबीच्या तलावातून हंगामाअखेरीस बाहेर सोडलेले खारे, मळीने भरलेले पाणी शेजारच्या शेततळ्यात किंवा नाल्यात उतरले, तर एका घरच्या नफ्यासाठी दहा घरांची जमीन चोपण होईल. म्हणून अस्तर घातलेले तलाव, पाणी तिथेच निवळवून पुन्हा वापरण्याची सोय आणि गावाच्या पाण्यापासूनचे अंतर, या अटी परवान्यातच लिहिल्या पाहिजेत; आणि पूर्णेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेल्या भोई समाजाच्या सहकारी संस्थांना या उद्योगात मजुरीचे नव्हे, मालकीचे स्थान मिळाले पाहिजे.

विद्यापीठाकडे आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे माझे मागणे फार मोठे नाही. दर्यापूर किंवा अकोट तालुक्यात एकाच विहिरीच्या पाण्यावर अस्तराचे सहा लहान तलाव करावेत. पोटॅशियम-मॅग्नेशियमचे प्रमाण सहाही तलावांत सारखे राखावे. तीन तलावांत साधे खाद्य, उरलेल्या तीन तलावांत दूर्वा, गुळवेल आणि पिंपळी यांचा मोजून प्रमाणित केलेला अर्क चढवलेले तेच खाद्य द्यावे. आणि निदान तीन हंगाम, यश आले तरी आणि कोळंबी मेली तरी, मेलेल्यांच्या संख्येसह, खाद्याच्या आणि अर्काच्या खर्चासह, सारा हिशेब मराठीतून प्रसिद्ध करावा. विद्यापीठाच्या शिवारफेरीत हजारो शेतकरी येतात, कपाशीचे वाण पाहतात, यंत्रे पाहतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. त्याच फेरीत नागार्जुन उद्यानानंतरच्या थांब्यावर या सहा तलावांची नोंदवही उघडी ठेवावी, आणि ज्याला आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यायचे असेल त्याने आणलेली बाटली तिथेच जमा करून घ्यावी.